विसाव्याचं बाक

यंदाही भातं पिवळी पडली आणि मला भागीवहिनीची हाक ऐकू यायला लागली.

मी आता शहापुरात राहतो. किन्हवलीच्या शाळेतून निवृत्त झालो, मुलाने इथे तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, आणि मुरबाडच्या पेठेतला आमचा ओटा सुटला. इथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि त्या खिडकीतून आमची. कापणी काही दिसत नाही, पण तिचा वास येतो. सकाळी दव पडतं, दुपारी ऊन डोकं तापवतं, आणि संध्याकाळी आटगावकडून वारा आला की ओल्या पेंढ्याचा तो गोडसर, किंचित कुबट वास थेट तिसऱ्या मजल्यावर चढतो. त्या वासाबरोबर हाकही चढते. मी चहाचा कप हातात धरून थांबतो. बायको विचारते, काय ऐकताय? मी म्हणतो, काही नाही. ती त्याच पेठेत सून म्हणून आली आणि तिथेच तिचे केस पिकले. तिलाही ऐकू येत असणार, कबूल करत नाही एवढंच.

"ऊठ रे दिन्या, गाडी चुकंल."

आमची पेठ फार जुनी. घाटावरून लादलेले बैल उतरायचे आणि कल्याणच्या बंदराकडे जायचे, त्या वाटेवर ती वसली. दोन बैल पाठीवरच्या गोण्या न घासता एकमेकांना ओलांडतील इतकाच रस्ता सोडून लोकांनी दोन्ही बाजूंना घरं बांधली. पुढे बैल गेले, टेम्पो आले, ट्रक आले. रस्ता मात्र बैलांच्याच मापाचा राहिला. घराला घर चिकटलेलं, दोन घरांत मिळून एक भिंत. एकाच्या फोडणीने दुसऱ्याला ठसका लागायचा. कुणाची सून माहेरी जाते म्हणाली की तिच्या नवऱ्याआधी शेजाऱ्यांना कळायचं. आमच्या आणि भागीवहिनीच्या मधली भिंत मातीची होती, आणि त्या भिंतीला गुपित ठेवायची सवयच नव्हती.

भागीवहिनी म्हणजे भागीरथी. नवरा लवकर गेला. गावाबाहेर भाताची दोन खाचरं होती, ती आणि दुसऱ्यांच्या शेतावरची मजुरी यावर तिने दिनेशला वाढवला. मुलगा चांगला होता, पण झोपाळू. कारखान्यात पहिल्या पाळीला कामाला लागला, तेव्हापासून रोज पहाटे त्याला उठवण्याचा सोहळा सुरू झाला. पहिली हाक मऊ असायची. दुसरीत जरा धार. तिसऱ्या हाकेला सगळी आळी उठून बसलेली असायची, दिन्या सोडून. आमच्या घरात गजराचं घड्याळ कधी घेतलंच नाही. मी तिला एकदा म्हटलंही, "वहिनी, तुमच्यामुळे माझी शाळेची वेळ चुकत नाही." ती म्हणाली, "तुमी उठताव हो भाऊजी. ज्याच्यासाठी घसा फोडते तो उठंल तं ना."

एका वर्षी पावसाच्या तोंडावर खताची पोती घेऊन ट्रक पेठेत आला. परत वळायला जागा नाही, म्हणून तो सगळी पेठभर उलटा चालला होता. मागे जाताना तो ट्रक कसलीशी धून वाजवत होता, लहान मुलांच्या खेळण्यासारखी. दिनेश पाळीवरून येत होता. ट्रकमागून चालणारा माणूस बाजूला होणार तरी कुठे? एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला ओटा. मी त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. ती धून मात्र अजून ऐकू येते. इथे शहापुरात रोज कुणीतरी गाडी मागे घेतं आणि मी गॅलरीचं दार लावून घेतो.

दिनेशला खांदा देणाऱ्यांत मी होतो. तिरडी उचलली तेव्हा भागीवहिनी ओरडली नाही. तिने त्याच रोजच्या आवाजात, पहिल्या मऊ हाकेच्या आवाजात म्हटलं, "ऊठ रे." मग बायकांनी तिला धरलं. आमच्याकडे बायका प्रेतयात्रेबरोबर कोपऱ्यावरच्या विहिरीपर्यंतच येतात. तिथून त्या परत फिरतात आणि पुढे पुरुष जातात.

विहिरीच्या पुढे, जिथे पेठ संपता संपता जराशी रुंद होते, तिथे एक करंजाचं झाड आहे. झाडाखाली जमिनीत अर्धा रुतलेला सपाट काळा दगड होता. तो आमचा विसावा. घरापासून मसणवटीपर्यंतच्या वाटेत तिरडी एकदाच खाली टेकवतात, ती तिथे. पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात, आणि पुन्हा उचलतात. पेठेतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्या दगडाशी घटकाभर टेकलेलं आहे. म्हणून जाता-येता माणूस तिथे आपोआप थांबतो. बोलत असला तर गप्प होतो, पायातली चप्पल काढतो, जरा उभा राहून पुढे जातो. त्या जागेचं नाव मात्र कुणी घेत नाही. "तिथं" म्हटलं की कळतं.

कापणीच्या दिवसांत तर तिथे रीघ लागते. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घराने नव्या भाताच्या लोंब्या आधी त्या दगडावर ठेवायच्या आणि मग नवं भात खायचं. त्या माणसाचं नवं खायचं राहून गेलं ना, म्हणून. नुसत्या त्याच वर्षी नाही, काही घरं वर्षानुवर्षं ठेवतात. दगडावर पिवळ्या लोंब्यांचा ढीग साचतो, चिमण्या येतात, खारी येतात, आणि त्यांना कुणी हाकलत नाही.

दिनेश गेल्यावर पेठ तहसील कचेरीवर गेली. बायकाही गेल्या, भागीवहिनी सगळ्यांच्या पुढे. तिचं मागणं एकच होतं: पेठेत ट्रक नको. आणि नवल म्हणजे ते कुणीतरी ऐकलं. जुन्या दाट वस्त्यांसाठी कुठलीशी योजना होती, तिच्यात आमची पेठ बसली. रस्ता रुंद करायचा नाही, घरं पाडायची नाहीत. उलट जड गाड्या बाहेरून वळवायच्या, पेठ चालणाऱ्यांची करायची, आणि एसटी स्टँडपासून पेठेतून सरकारी दवाखान्यापर्यंत विजेवर चालणारी लहान बस सोडायची. गाड्या बाहेर उभ्या करून माल सकाळी हातगाडीने आत आणायचा. व्यापाऱ्यांनी कुरकुर केली. त्यांचंही खोटं नव्हतं. भातगिरणीची पोती हातगाडीने ओढणं म्हणजे चेष्टा नव्हे.

त्या कामासाठी मुंबईच्या एका सल्लागार कंपनीकडून रेवती नावाची इंजिनीअर मुलगी आली. चुणचुणीत, कामाला पक्की. तिने पेठेत जागोजागी कॅमेरे लावले, हातात टॅब घेऊन दुकानादुकानात बसली, आमच्या ओट्यावर तर तिचा मुक्कामच असायचा. लोक कुठून येतात, कुठे वळतात, कुठे रेंगाळतात, सगळं ती टिपत होती. मला ते फार आवडलं. आमच्या पेठेकडे इतकं निरखून आजवर फक्त सोयरिकीला आलेल्या मंडळींनी पाहिलं होतं. पण ती आली नेमकी कापणीच्या दिवसांत.

एका दुपारी ती खुशीत आली. टॅबवर पेठेचा नकाशा होता आणि करंजाच्या झाडाशी लालभडक ठिपका. "सर, बघा. सगळ्या पेठेत लोक सगळ्यात जास्त इथे थांबतात. कुणी सांगितलेलं नाही, बोर्ड नाही, तरी थांबतात. सावली आहे, रस्ताही रुंद आहे. लोकांनी स्वतःच निवडलेला बसथांबा आहे हा."

ओट्यावर चार माणसं होती. सगळ्यांनी नकाशाकडे पाहिलं आणि सगळ्यांनी चहाचा घोट घेतला. चांगल्या कामाच्या सुरुवातीला त्या जागेचं नाव कोण काढणार? मला वाटलं कुणी तरी सांगेल. त्यांना वाटलं मास्तर सांगतील. आमच्याकडे बरीच कामं अशी बिघडतात.

मध्ये पावसाळे गेले. खोदकाम झालं, गटारं झाकली, फरशी बसली. करंजाखाली छानसा थांबा उभा राहिला: वर पत्रा, मागे काच, आणि म्हाताऱ्यांना टेकायला पाठ असलेलं लांब बाक. फरशीचं काम पेठेतल्याच गवंड्यांकडे होतं. त्यांनी तो काळा दगड टाकून दिला नाही. कुणाला न विचारता तो बाकाच्या खाली, होता त्याच जागी, फरशीत बसवून टाकला. उद्घाटनाच्या हारतुऱ्यांत तो बाहेरच्या कुणाच्या नजरेला पडला नाही. आम्हाला तेवढा तोच दिसत होता.

मग ती कापणी आली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

बस आवाज न करता यायची. इतकी वर्षं हॉर्न आणि इंजिनाच्या धडधडीत जगलेल्या पेठेला ते चमत्कारिक वाटे. पाठीमागे काहीतरी आल्याचं नुसतं जाणवायचं, वळून पाहावं तर ती उभी. पांढरी, स्वच्छ आणि रिकामी. थांब्याशी थांबायची, दार उघडायचं. कुणी चढत नसे, कुणी उतरत नसे. दार मिटायचं आणि ती तशीच पुढे सरकायची. लोक तिथून पुढे कापडाच्या दुकानासमोर भर उन्हात उभे राहायचे, आणि ड्रायव्हरला थांबा सोडून थांबायची परवानगी नव्हती. तो त्यांच्याकडे बघत जायचा, ते त्याच्याकडे. शेवटी लोक चालत निघायचे. गुडघे धरून दवाखान्याकडे जाणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा बाकाला वळसा घालून चालायच्या. बाकावर कुणी बसत नव्हतं. बाकाखाली मात्र लोंब्या पडत होत्या. मी ओट्यावरून बघायचो. कधी कधी संध्याकाळी ते उघडं दार आणि ते रिकामं बाक पाहून वाटायचं, चढत असतील. आपल्याला दिसत नाहीत एवढंच. इतकी वर्षं तिथे टेकलेली सगळी माणसं एकेक करून बसमध्ये बसत असतील, दिनेश सगळ्यात शेवटी, धावत. मला त्या दिवसांत नीट झोप लागत नव्हती.

रेवती परत आली. तिचा चेहरा उतरला होता. देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. तिने स्पष्टच सांगितलं की पेठेतल्या थांब्यावर माणूस चढत नसेल तर ही बस बंद होईल, आणि बस बंद झाली तर गाड्या आत सोडायची व्यापाऱ्यांची मागणी मान्य करावी लागेल. गिरणीवाले जरा सरसावून बसले. भागीवहिनी खांबाशी बसली होती. तिने पदराचं टोक दाताखाली धरलं.

"तिथे काय अडचण आहे ते मला कुणी सांगेल का?" रेवतीने विचारलं. मंडपात चुळबुळ झाली आणि थांबली.

संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला होती. तिला मी सांगितलं. विसावा म्हणजे काय, दगड कुठे आहे, लोक तिथे का थांबतात. ती ताटातला हात तसाच ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे मी मोजले ते…" तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "आधी का नाही सांगितलंत?"

"अगं, ते सांगायचं असतं असं आम्हाला कधी वाटलंच नाही."

"मी थांबा हलवायला सांगते. पण पुन्हा मंजुरी, पुन्हा खोदकाम. तोवर बस टिकायची नाही, सर."

बायकोने तिला वाढलेला भात थंड झाला. नवं भात होतं, त्या वर्षी पहिल्यांदाच शिजवलेलं.

सकाळी मी दात घासायला ओट्यावर आलो तर भागीवहिनी पायरीवर बसलेली. शेतावर निघाल्यासारखा कासोटा घातलेला, कमरेला विळा, हातात चार लोंब्या.

"भाऊजी, राती भितीतून ऐकलं मी सगलं."

मी चूळ भरली.

"तुमी खांदा दिलता ना दिन्याला?"

"हो वहिनी."

"मंग तुमाला ठाव असंल. तिथं टेकवला तवा त्याचं डोकं कंच्या अंगाला व्हतं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. खत कुठल्या दुकानात मिळतं हे विचारावं तसं विचारत होती. आणि मला एकदम उमगलं की आम्ही पुरुष ज्या जागेपाशी इतकी वर्षं गप्प होतो, ती तिने त्या दिवशी पाहिलीच नव्हती. तिचा मुलगा शेवटचा जिथे टेकला, तिथून ती अलीकडे, विहिरीशी, बायकांच्या हातांत होती. इतके दिवस ती करंजाजवळून येत-जात होती आणि तो कसा निजला होता हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"झाडाच्या बाजूला," मी म्हटलं. "पाय विहिरीकडे."

"म्हंजे माझ्याकडं व्हतं त्याचं त्वांड."

"हो."

ती उठली. आम्ही दोघं चालत गेलो. पेठ उघडत होती. कुणी फळ्या काढत होतं, कुणी सडा टाकत होतं. बाकाशी आल्यावर मी सवयीने चप्पल काढली. तिनेही काढली. ओणवी होऊन तिने लोंब्या दगडावर ठेवल्या आणि मग, सगळी पेठ बघत असताना, बाकावर बसली. झाडाकडचं टोक तिने मोकळं सोडलं.

फळ्या काढणारे हात थांबले. कापडवाल्याची आई दारातून म्हणाली, "गो भागी, तिथं नको गो बसू. इसावा हाय तो."

"म्हून तं बसले," भागीवहिनी म्हणाली. "माजा लेक हितं टेकला. तो माजं काय वाईट करनार हाय? आन तुमचा म्हातारा तुमाला काय करनार? ही गाडी गेली ना, तं तो टरक परत याचा."

बस आली, नेहमीसारखी न वाजता. दार उघडलं. भागीवहिनीला दवाखान्यात काही काम नव्हतं. तिचं शेत अगदी उलट दिशेला होतं आणि भात कापायला टेकलं होतं. तरी ती कमरेच्या विळ्यासकट बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि दवाखान्यापर्यंत जाऊन चालत परत आली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी कापडवाल्याची आई तिच्या शेजारी येऊन बसली, तोंड वाकडं करून, पण बसली. तिचे गुडघे खरोखरच दुखत होते.

रेवती आता कुठल्याशा मोठ्या, आमच्यापेक्षा कितीतरी जुन्या शहरात अशाच अरुंद रस्त्यांचे प्रश्न सोडवते. मध्यंतरी तिचा फोन आला होता. म्हणाली, "सर, आता कॅमेरे लावायच्या आधी मी पहिल्यांदा विचारते की तुमच्याकडे माणूस गेलं की कुठल्या वाटेने नेतात. लोक चमकतात. कंपनीतले तर मला वेडी म्हणतात." मी तिला म्हटलं, विचारत राहा. जुन्या गावांत रस्ते फक्त चालणाऱ्यांचे नसतात. हे मी तिला समजावतोय की स्वतःला, ते फोन ठेवल्यावर मला सांगता आलं नसतं.

गेल्या आठवड्यात राहवलं नाही आणि मुरबाडला गेलो. किन्हवलीवरून जाणारी एसटी धरली. वाटेत दोन्ही अंगांना कापणी चालू होती, अर्धी खाचरं सोनेरी, अर्धी नुसती धसकटं. डोळखांबकडच्या पाड्यांतून आलेली माणसं ओणवी होऊन कापत होती, ही कापणी आटपली की ती गाव सोडून दुसरीकडे कामावर जातील. स्टँडवर उतरलो आणि पेठेतून चालत निघालो. ट्रक नाही. हातगाडीवाले माल ओढत होते आणि गिरणीवाले अजून कुरकुरत होते, ते ऐकून बरं वाटलं.

करंजाखालच्या बाकावर गर्दी होती. पिशव्या, औषधांच्या चिठ्ठ्या, कॉलेजची पोरं. भागीवहिनी आपल्या जागेवर होती. आता खूप वाकली आहे, शेत अर्धेलीने दिलंय, रोज सकाळी इथे येऊन बसते. मला पाहून ती हसली आणि सरकली. मी बसलो. बाकाखाली ताज्या लोंब्या होत्या आणि एक खार आमच्या पायांना न भिता दाणे सोलत होती.

"झाडाकडचं टोक मोकळं ठेवता का अजून?" मी हळू आवाजात विचारलं.

"मी ठेवते. लोकान्ला काय ठाव? बसत्यात," ती म्हणाली. "बसू दे."

मी तिच्या पलीकडे पाहिलं. त्या टोकाला नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी होती. दवाखान्यात शिकायला येत असावी. कुठल्या तरी पाड्यावरून पहाटे निघाली असणार. मांडीवर डबा, कानात वायरी, आणि मान मागे टाकून गाढ झोपलेली. डोकं झाडाच्या बाजूला कललं होतं. भागीवहिनी पदराने तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होती, सहज, लक्ष नसल्यासारखी.

बस आली. आवाज नव्हताच, लोक उठले म्हणून मला कळलं. दार उघडलं, माणसं चढायला लागली. मुलगी हलली नाही. भागीवहिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकून, त्या पहिल्या मऊ आवाजात म्हणाली, "ऊठ गो, गाडी चुकंल."

मुलीने डोळे उघडले. क्षणभर कुठे आहोत ते तिला कळेना. मग ती गडबडीने उठली, डबा सावरला, आणि धावत बसमध्ये चढली.

भागीवहिनी त्या मोकळ्या झालेल्या टोकाकडे बघत राहिली. "उठली," ती म्हणाली.